ज्ञानाचं पेव उघडायचं कसं?

(जिल्हा मेळाव्यात केलेलं भाषण. टिपणांवरून शब्दांकन.)



सकाळपासून इथं भावाचं बोलणं झालं, विजेचं झालं, विम्याचं झालं. आता मला विषय दिला आहे शिक्षणाचा. विषयाचं नाव घेतल्याबरोबर मागच्या रांगेतले दोघं-तिघं तंबाखू मळत बाहेर गेले, ते मी पाहिलं. त्यांचा दोष नाही. पन्नाशीच्या माणसाला शिक्षण म्हटलं की पाटी आणि छडीच आठवते. आमचं शिकायचं वय गेलं, आता पोरांनी शिकावं, असं आपण म्हणतो. ते खरं नाही एवढंच सांगायला मी उभा आहे. शेतकऱ्याचं शिकायचं वय कधी जात नाही, कारण त्याची परीक्षा कधी संपत नाही. दर मृगाला नवा पेपर असतो, आणि नापास झालं तर घर कर्जात जातं.

इथं सत्तरीच्या पुढचे आजोबा बसले आहेत. त्यांना पेव ठाऊक आहे. तरुणांसाठी सांगतो. ज्वारी साठवायला जमिनीत खोल खड्डा करायचा, आतून लिपून घ्यायचा, तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. दुष्काळ पडला की पेव उघडायचं. पण उघडलं आणि घेतली उडी, असं नव्हतं. आत कोंडलेली हवा असायची. पेव उघडून ठेवायचं आणि मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा विझला की खाली उतरायचं नाही. हे ज्याला ठाऊक नव्हतं, तो धान्य भरलेल्या पेवात जीव गमावून बसायचा.

आज आपल्या देशात ज्ञानाची अशी पेवं भरलेली आहेत. ती जमिनीत नाहीत, संगणकात आहेत. त्यात आपल्या कापसाची, आपल्या ज्वारीची, आपल्या मुरमाड रानाची माहिती आहे. ती फुकट आहे. आणि आपण उपाशी आहोत. दुसरीकडे मोबाईलवर सल्ल्यांचं असं पेव फुटलं आहे की सकाळी उठल्यापासून दहा जण दहा औषधं सांगतात. हे असं का झालं आणि त्यावर आपण काय करायचं, ते आज बोलू.

पहिला नापास विद्यार्थी मी

आधी माझी गोष्ट सांगतो. लाजेची आहे, पण सांगितली पाहिजे.

मी कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलो ते २००२ साल. त्याच वर्षी मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं, त्याला आपण बीजी-दोन म्हणतो. मला शेतीमालाच्या निविष्ठा विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. गावोगाव फिरायचं, शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा, माल खपवायचा. लोक मला साहेब म्हणायचे. बोंडअळीचं काय, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, बियाण्यातच औषध आहे, काळजी करू नका. विहिरीला थोडं पाणी असलं तर डिसेंबरनंतर फरदड ठेवा, दोन वेचण्या जास्त मिळतील, असंही मीच सांगायचो.

२०१७ चा हंगाम तुम्हाला सांगायला नको. एका शेतकऱ्यानं बांधावर मला थांबवलं. हातात हिरवंगार बोंड होतं. त्यानं ते माझ्यासमोर फोडलं. आत गुलाबी अळी होती. दुसरं फोडलं, त्यातही होती. तो म्हणाला, साहेब, तुम्ही तर म्हणाला होता बियाण्यात औषध आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी शोधायला बसलो. जे सापडलं त्यानं झोप उडाली. गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देत नाही, हे गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांतल्या नमुन्यांत आढळलं होतं, आणि मार्च २०१० मध्ये ते उघडपणे जाहीर झालं होतं. २०१५ च्या खरिपात गुजरातेत बीजी-दोन कापसावर याच अळीनं मोठं नुकसान केलं होतं. आपल्या नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आहे. तिथले शास्त्रज्ञ या अळीवर नजर ठेवून होते. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या रानात उभ्या ठेवू नका, कामगंध सापळे लावा, बोंडं फोडून पाहा, हे सगळं लिहिलेलं होतं. आग गुजरातेत लागली होती, धूर दोन वर्षं दिसत होता, आणि मी इथं फरदड ठेवा म्हणत फिरत होतो.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. बाटलीवरच्या तिकोनाचा लाल रंग म्हणजे सर्वात जहाल विष. त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. एवढी साधी गोष्ट फवारणी करणाऱ्या मजुराला कुणी सांगितली नव्हती. मीही नव्हती सांगितली.

भावांनो, मी अडाणी नव्हतो. माझ्याकडे पदवी होती, संगणक होता, इंटरनेट होतं, इंग्रजी वाचता येत होतं. तरीही मी नापास झालो, कारण २००२ साली मिळालेल्या कागदावर मी पंधरा वर्षं जगत होतो. बियाण्याच्या पिशवीवर मुदतीची तारीख असते. पदवीच्या कागदावर ती छापत नाहीत, पण मुदत तिचीही संपते. त्यानंतर मी नोकरी सोडली आणि तुमच्यात आलो. तेव्हापासून जे थोडं शिकलो ते सांगतो.

पेवं कुठं आहेत?

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरी १९६८ चं, अकोला १९६९ चं, परभणी आणि दापोली १९७२ ची. पन्नास वर्षांहून जास्त काळ तिथं हजारो मुलामुलींनी प्रबंध लिहिले. कुणी कोरडवाहू कापसात तुरीचे तास किती असावेत यावर लिहिलं, कुणी रब्बी ज्वारीला ओल किती पुरते यावर लिहिलं. हे प्रबंध जाड पुठ्ठ्यात बांधून ग्रंथालयाच्या कपाटात गेले. ज्याच्या शेतासाठी लिहिलं त्याला त्या कपाटापर्यंत जाता येत नव्हतं.

आता भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं 'कृषिकोश' नावाचं भांडार उभं केलं आहे. देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध, जुनी पुस्तकं, अहवाल त्यात आहेत. २०१३ मध्ये परिषदेनं धोरणच ठरवलं की तिच्या संस्थांमधलं संशोधन सर्वांना खुलं असावं. इतर विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात ठेवले जातात, ते गांधीनगरहून चालतं. खरगपूरच्या आयआयटीनं बांधलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला अर्पण झालं. हैदराबादजवळ पाटणचेरूला कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इक्रिसॅट. ज्वारी आणि तूर हीही तिची पिकं. तिचंही लिखाण खुलं आहे. मराठीतच वाचायचं म्हणाल तर वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आज संगणकावर फुकट वाचता येतो. त्याचा पहिला खंड १९७६ चा. जुना आहे, पण माती म्हणजे काय, मूळ कसं वाढतं, हे काही दरवर्षी बदलत नाही.

हे सगळं आपल्याच पैशानं झालं आहे. आगपेटीपासून डिझेलपर्यंत आपण जो कर देतो त्यातून. तेव्हा ही कुणाची मेहेरबानी नाही. पेवात धान्य आपलं आहे. प्रश्न आहे तोंडावरच्या दगडांचा.

तीन दगड

पहिला दगड भाषेचा. प्रबंध बहुतेक इंग्रजीत. मोबाईलचा कॅमेरा पानावर धरला की तो आता भाषांतर करून दाखवतो, त्याचा उपयोग करा. पण एक पथ्य पाळा. औषधाची मात्रा आणि आकडा कधीही भाषांतरावरून घ्यायचा नाही. मूळ पानावरचा आकडा बघायचा, आणि शिकलेल्या माणसाकडून एकदा खात्री करून घ्यायची.

दुसरा दगड नावाचा. आपण म्हणतो शेंदरी बोंडअळी. नवीन पोरं म्हणतात गुलाबी. इंग्रजी कागदात ती पिंक बोलवर्म, आणि शास्त्रज्ञांच्या कागदात पेक्टिनोफोरा. अळी एक, नावं चार. भांडारात ज्वारी म्हणून शोधलं तर थोडंच सापडतं, सोरघम म्हटलं की ढीग निघतो. कोरडवाहूला रेनफेड किंवा ड्रायलँड म्हणावं लागतं. म्हणून पहिलं काम म्हणजे वहीच्या मागच्या पानावर अशी जोडनावं लिहून ठेवणं. पन्नास शब्दांची यादी झाली की आपल्या पिकांपुरतं पेवाचं तोंड उघडलं समजा.

तिसरा दगड मापाचा. प्रबंधात उत्पन्न किलोत आणि हेक्टरी लिहितात. आपण बोलतो क्विंटलात आणि एकरी. सोपं गणित सांगतो. हेक्टरी किलोच्या आकड्याला २५० नं भागा. हेक्टरी १००० किलो म्हणजे एकरी ४ क्विंटल. हा हिशोब आला की मोठ्या आकड्यांची भीती जाते, आणि कुणी छातीठोक आकडा सांगितला तर तो आपल्या मापात आणून तपासताही येतो.

रेडिओभोवतीची मंडळी

आता कुणी म्हणेल, हे एकट्यानं कसं जमायचं? एकट्यानं जमत नाही. याचा धडा आपल्याच महाराष्ट्रात साठ-सत्तर वर्षांपूर्वी मिळालेला आहे.

१९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि त्या वेळचा उत्तर सातारा, या भागातली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांची श्रोतृमंडळी केली. त्यात शिकलेले होते, निरक्षरही होते. आठवड्यातून दोन कार्यक्रम, दहा आठवडे, एकूण २० कार्यक्रम. रेडिओ ऐकायचा, बंद करायचा आणि मग त्यावर आपसात चर्चा करायची. चर्चेत उरलेले प्रश्न केंद्राला कळवायचे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं तपासणी केली. ज्या गावांत मंडळी होती, तिथं लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळी नव्हती, तिथं तेवढी पडली नाही.

म्हणजे शिकवण्याचं काम नुसत्या यंत्रानं झालं नाही. ऐकल्यानंतर माणसं एकमेकांशी बोलली, तेव्हा झालं. एक म्हणाला हे आपल्याकडे चालणार नाही, दुसरा म्हणाला का चालणार नाही, तिसऱ्यानं आपल्या रानातला अनुभव सांगितला. मोठ्या माणसाचं शिक्षण असंच होतं. त्याच्याजवळ आधीच पुष्कळ असतं. नवं जे येतं ते त्याला जुन्याशी ताडून पाहावं लागतं.

दुसरा धडा वारणेचा. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरात संगणकाची गावं करण्याची मोठी योजना झाली. गावोगाव संगणक बसले. पिकांची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सगळं त्यातून मिळेल असं ठरलं होतं. प्रत्यक्षात त्या संगणकांचा वापर मुख्यतः उसाच्या कामासाठी झाला. उसाचं वजन किती भरलं, तोड कधी, खात्यावर किती, हे बघायला लोक येत. पुढे काही गावांत तेवढं काम मोबाईलच्या साध्या संदेशानं भागवता येतं असं दिसून आलं. याला मी अपयश म्हणत नाही. शेतकरी आपल्या आजच्या प्रश्नासाठी येतो, हे त्यातून कळलं. प्रश्न त्याचा नसेल तर ज्ञानाचा डोंगर उभा केला तरी तो तिकडे फिरकणार नाही, आणि त्यानं का फिरकावं?

दोन्ही धडे एकत्र करा. प्रश्न आपला हवा आणि बसणं एकत्र हवं. पेव संगणकात असू दे, शाळा आपल्या पारावर भरली पाहिजे.

दिवा सोडून बघा

आता पेवात उतरताना दिवा कसा सोडायचा ते सांगतो. मोबाईलवर, पुस्तकात, दुकानात, कुठंही सल्ला मिळाला की चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, हे कुठल्या रानात झालं? भारी काळ्या जमिनीत, ठिबकावर झालेला प्रयोग तुमच्या मुरमाड कोरडवाहू रानाला लागू होत नाही.

दुसरा प्रश्न, कधी झालं आणि किती वर्षं केलं? एका वर्षाचा पाऊस चांगला असला तर दगडावरही पीक येतं. निदान दोन-तीन हंगामांचा आकडा हवा. आणि अळीच्या बाबतीत तर सालच महत्त्वाचं. २००६ साली खरी असलेली गोष्ट २०१७ मध्ये खोटी ठरली, आणि त्यातच मी फसलो.

तिसरा प्रश्न, कशाशी ताडून पाहिलं? शेजारी तसंच न फवारलेलं, न घातलेलं एक वाफ्याचं रान होतं का? नसेल तर तो प्रयोग नाही, ती जाहिरात.

चौथा प्रश्न, पैसे कुणाचे? ज्याचा माल आहे त्यानंच मालाची चाचणी केली असेल तर खोटंच असेल असं नाही. पण दुसऱ्या कुणीतरी तपासलेलं आहे का ते पाहायचं.

हे चार प्रश्न विद्यापीठाच्या कागदालाही विचारायचे आणि आमच्यासारख्या पुढाऱ्यांनाही. मी इथून जे सांगतो आहे त्यालाही विचारा. आता तर मराठीत प्रश्न केला की यंत्र मराठीतच बोलून उत्तर देतं. ते उत्तर फार गोड आणि खात्रीचं वाटतं. त्याला म्हणावं, बाबा, हे कुठल्या पेवातून काढलंस? सांगता आलं नाही तर दिवा विझला समजा.

औषधाच्या बाबतीत एक जास्तीची खूण सांगतो. कुठल्या पिकावर कुठलं कीटकनाशक वापरायला मान्यता आहे, त्याच्या याद्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती प्रसिद्ध करते. त्या खुल्या आहेत. दुकानदारानं दिलेली बाटली त्या यादीत कापसाखाली आहे का, हे गावातली बारावीची मुलगी पाच मिनिटांत पाहू शकते. ज्याला वाचता येत नाही त्यानं किसान कॉल सेंटरला विचारावं. क्रमांक १८००-१८०-१५५१, फुकट आहे, २००४ सालापासून चालू आहे.

एक धडा करून पाहू

नुसतं बोलून उपयोग नाही, इथंच एक धडा घेऊ. प्रश्न असा. यंदा रब्बी ज्वारी कुठली पेरायची?

आपलं उत्तर ठरलेलं असतं, मालदांडी. मालदांडी ३५-१ ही मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडलेली जात. भाकरी गोड, कडबा चांगला, तिला नावं ठेवायची गरज नाही. पण पेवात उतरलात तर एक नवीन गोष्ट सापडते. राहुरी विद्यापीठाची शिफारस जातीपासून सुरूच होत नाही, ती जमिनीच्या खोलीपासून सुरू होते. एक फुटापर्यंत खोल ती हलकी, दोन फुटांपर्यंत मध्यम, त्याच्या पुढे भारी. हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माऊली. मध्यमला फुले सुचित्रा, परभणी मोती, मालदांडी. भारीला फुले वसुधा, फुले यशोदा.

आता सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या रानाची खोली मोजली आहे? हात वर करा. बघा, पाच-सहा हात. म्हणजे उत्तर संगणकात आहे, पण ते वापरायला कुदळ घेऊन रानात चार ठिकाणी खड्डा करावा लागेल. तो खड्डा संगणक करणार नाही. चार खड्डे केले, पट्टीनं मोजलं, वहीत लिहिलं, की ती शिफारस तुमची झाली. आणि तरीही सगळं रान नव्या जातीखाली घालू नका. चार तास पेरा, शेजारी मालदांडी ठेवा, दोन्हीची कणसं वेगळी मळा, दाणा वेगळा मापा, कडब्याच्या पेंढ्या वेगळ्या मोजा. विद्यापीठात याला प्रयोग म्हणतात. तुम्ही केलात तर तोही प्रयोगच.

कापसाचंही तसंच. एकरी दोन कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात एका रात्री आठ पतंग, असं सलग तीन रात्री झालं की धोका आला समजा. एका एकरातून दर आठवड्याला वीस हिरवी बोंडं तोडून फोडा. वीसात दोन किडकी निघाली तर ते दहा टक्के झाले, आता उपाय केलाच पाहिजे. त्याच्या आत असेल तर फवारणीचे पैसे खिशात ठेवा. एवढ्या एका धड्यानं एक फवारणी वाचली तरी विषही वाचलं आणि पैसाही.

पेवात भरायचं आपणही

मायबहिणींनो, आता तुमच्याशी बोलतो. कापसाच्या फुलाची डोमकळी झाली की आत अळी असते. हे आधी कुणाला दिसतं? निंदणाऱ्या आणि वेचणाऱ्या बाईला दिसतं. बियाणं राखेत घालून कोण ठेवतं, कुठली ज्वारी दळायला चांगली हे कुणाला कळतं? तुम्हाला. आणि मोबाईल कुणाच्या हातात असतो? पोराच्या. जिला दिसतं तिला विचारायला साधन नाही, आणि ज्याच्या हातात साधन आहे तो सिनेमा पाहतो आहे. म्हणून अभ्यासाला बसताना बायका घराच्या दारामागून ऐकणार नाहीत, मंडळीत बसतील. वाचता येत नसेल तरी चालेल. वाचायला एक जण पुरतो, ताडून पाहायला सगळे लागतात.

आणि ताडून पाहिलेलं लिहून ठेवायचं. प्रत्येक गावात एक वही. कुठल्या दिवशी किती पाऊस पडला, कुणी काय पेरलं, डोमकळी पहिल्यांदा कधी दिसली, उत्पन्न किती आलं. फसलेलं तर आधी लिहायचं, कारण फसलेलं कुणी छापत नाही आणि शेजारी पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो. आपल्या थोरल्यांनी किती दुष्काळ काढले, कुठल्या सालात काय तगलं, हे त्यांच्या डोक्यात आहे. माणूस गेला की ते पेव कायमचं बुजतं. नातवानं मोबाईलवर आजोबांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं, तारीख आणि गावाचं नाव घालून, तर तेही भांडारच झालं.

मागायचं काय आणि करायचं काय

विद्यापीठांकडे आणि सरकारकडे आपण तीन गोष्टी मागू. पिकांवरच्या प्रत्येक प्रबंधाला एक पानाचा मराठी सारांश जोडा, त्यात रान कसलं, पाऊस किती, आकडा एकरी किती, हे साध्या भाषेत लिहा. चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत दरवर्षी ज्या शिफारशी मंजूर होतात, त्या मराठीत, सालवार, एका ठिकाणी कायम ठेवा. योजना संपली म्हणून पान गायब, असं चालणार नाही. आणि महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली गावोगाव जी सार्वजनिक वाचनालयं अनुदान घेतात, तिथं एक संगणक आणि छापायचं यंत्र द्या. कागद हातात आला की तो पारावर जातो, काचेवरचं अक्षर काचेवरच राहतं.

पण मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. गावी गेल्यावर दहा जण जमवा. त्यात निदान तीन बाया हव्यात, एक शिकणारं पोर हवं, आणि पन्नास पावसाळे पाहिलेला एक म्हातारा हवा. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. बाजाराचा दिवस सोडून. पहिल्या बैठकीला फक्त प्रश्न लिहा, उत्तरं शोधू नका. त्यातला एकच प्रश्न निवडा. पोरानं आठवडाभरात त्यावर दोन कागद काढून आणायचे, वाचून दाखवायचे, चार प्रश्न विचारायचे. पटलं तर एकानं आपल्या चार तासांत करून पाहायचं. बाकीच्यांनी बांधावर जाऊन बघायचं. पुढच्या जिल्हा मेळाव्याला प्रत्येक गावानं आपली वही घेऊन यायचं. भाषणं कमी करू, वह्या वाचू.

ज्या शेतकऱ्यानं माझ्यासमोर ते बोंड फोडलं होतं, तो आज या मंडपात बसला आहे. त्याचं नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. तो चौथीपर्यंत शिकला. मागच्या हंगामात त्याच्या गावच्या मंडळीत मी बसलो होतो. मी सांगितलं, आता फवारणी करायला हरकत नाही. तो म्हणाला, साहेब, थांबा, वीस बोंडं फोडून आणतो. आणली. एकच किडकं निघालं. म्हणाला, वीसात एक म्हणजे पाच टक्के. अजून वेळ आहे.

त्यानं फवारलं नाही. मी माझ्या वहीत ते लिहून घेतलं. मला शिकायला अजून पुष्कळ आहे, आणि तुम्हालाही. चला, पेव उघडू. पण आधी दिवा.

(भाषणानंतर वीस बोंडं फोडून मोजण्याचं प्रात्यक्षिक मंडपाच्या मागच्या बाजूला झालं. गावच्या अभ्यासमंडळींनी आपापल्या वह्या पुढच्या मेळाव्याला आणाव्यात.)